ओट्स मऊ होईपर्यंत

अख्ख्या डिचोली तालुक्यात ओट्सची पेज माझ्याइतकी मऊसूत कुणालाही जमणार नाही, असं मी एका शनिवारी रात्रीच्या जेवणावर जाहीर करून टाकलं! त्याआधी मी ओट्स कधी शिजवले नव्हते. खाल्लेही नव्हते. पण त्यात काय मोठंसं? पाणी उकळायचं, घालायचं, ढवळायचं. गोव्यात जन्मलेल्या माणसाला कुणी पेज शिकवायची असते का?

ही वेळ आली ती माझ्या सासऱ्यांच्या दातांमुळे.

सासऱ्यांचं नाव सगुण. मी त्यांना मामा म्हणतो. राहायचे पेडण्यात, इब्रामपूरला, आणि सासूबाई गेल्यापासून एकटेच. सुमन, म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. पण मामा पडले जुन्या वळणाचे. बापाने लेकीच्या घरी कारणाशिवाय राहू नये, हा त्यांचा नेम! लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तोवर ते आमच्याकडे मोजून तीन रात्री राहिले होते. एकदा आमच्या मुलीच्या बारशाला, एकदा तिच्या लग्नाला आणि एकदा शेवटची बस चुकली म्हणून. त्या तिसऱ्या वेळी तर त्यांनी बसवाल्याला सकाळपर्यंत शिव्या दिल्या.

मग गोवा घटक राज्य झालं, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी मामांचे दात गेले. एकदम सगळे! डिचोलीच्या दातांच्या डॉक्टरने ते काढले आणि सांगितलं, "हिरड्या सुकू देत, मग कवळी बसवू. दीड महिना लागेल." आता याच्याहून चांगलं कारण कुठलं? मामा एक पिशवी आणि पानाची चंची घेऊन राहायला आले.

दीड महिन्याचे साडेतीन महिने झाले. दर बुधवारी मामा एकटेच डॉक्टरकडे चालत जायचे आणि मान हलवत परत यायचे.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"माप चुकला म्हणता. परत घेतल्यान."

मी संतापायचो! बाजारात जो भेटेल त्याला सांगायचो, या डॉक्टरला साधं माप घेता येत नाही. त्याच्याशी मी बोलणंसुद्धा सोडलं. एकदा तो समोरून हसत आला, तर मी मान वळवून केळी बघत उभा राहिलो.

पण खरी काळजी वेगळीच होती. मामा सकाळी खात नव्हते. सुमन नऊला पेज वाढायची, उकड्या तांदळाची, वर तुपाचा थेंब. मामा दोन चमचे घ्यायचे आणि वाटी सरकवायचे.

"बाबा, खावा हो थोडी!"

"माका भूक नाय गो, बाय."

सुमनच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यातच घरात उंदीर झाला होता. सोप्यावर मामांच्या खुर्चीखाली रोज सकाळी कसला तरी चुरा सांडलेला असायचा. सुमनने खोबऱ्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवला. उंदीर इतका बेरकी की खोबऱ्याला तोंडसुद्धा लावेना!

त्या शनिवारी तिने निकाल दिला. "आयतवारपर्यंत बाबांनी नीट खाल्ल्यानी नाय, तर सोमवारी मी तेंका घेऊन इब्रामपूरला जातंय. थंयच्या हवेत भूक लागतली. महिना लागो, नायतर दोन लागोत!"

"आणि मी?"

"तुमी हॉटेलात खावा."

हॉटेलात! दोन महिने! मी त्या घरात एकटा! आणि खरं सांगायचं तर नुसत्या जेवणाचाच प्रश्न नव्हता. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की मामा सोप्यावर पत्ते पिसून बसलेले असायचे. मुलगी सासरी गेल्यापासून आमच्या घरात एवढी गंमत झाली नव्हती. ते मला "जावयबापू" म्हणायचे, "तुमी" म्हणायचे आणि उघड उघड लबाडी करून जिंकायचे. मला ते हवे होते.

तेव्हा मला डबा आठवला. सुमनच्या चुलतभावाने, संतोषने, मस्कतहून आणलेला ओट्सचा हा भला मोठा पत्र्याचा डबा सहा महिने फळीवर पडून होता. दात नसलेल्या माणसासाठीच जणू देवाने केलेलं अन्न! डब्यावर सगळी कृती छापलेली होती, एका बाजूला अरबीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. पण अक्षर बारीक आणि चष्मा वर माडीवर. शिवाय डब्यावरचं वाचून पेज करायची म्हणजे शोभा!

रविवारी सुमन सकाळीच मासळीबाजारात गेली. मामा सोप्यावर डोळे मिटून बसले होते. मी कंबर कसली. तेवढ्यात शेजारचा शांताराम आला. शांताराम बावीस वर्षं बोटीवर नोकरी करून आलेला माणूस. जगातली कुठलीही गोष्ट काढा, ती त्याने बोटीवर केलेली असते.

"ओट्स? अरे शिवदास, बोटीर सायबांक रोज हेंच! तू कर, हांव सांगतां."

मी टोपात पाणी उकळलं आणि दोन वाट्या ओट्स घातले. पाण्यावर नुसते तरंगायला लागले.

"पातळ दिसता," शांताराम म्हणाला.

आणखी दोन वाट्या घातल्या. तरीही पातळच! आता बघा, उकडे तांदूळ शिजायला तासभर लागतो हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. हे तर परदेशी धान्य, त्याला त्याहून कमी कसा लागेल? मी म्हटलं, करायचंच आहे तर दुपारलाही होऊ दे, आणि सगळा डबा उपडा केला. वर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला आणि आम्ही दोघं मागीलदारी गप्पा मारत बसलो.

दहा मिनिटांत झाकण खाली पडल्याचा आवाज आला.

धावलो! टोपातून ओट्स वर आले होते आणि शांतपणे चारी बाजूंनी शेगडीवर उतरत होते.

"उदक घाल आनी ढवळ!" शांताराम ओरडला.

पाणी घातलं. त्यांनी ते पिऊन टाकलं आणि आणखी फुगले. मी मोठा टोप काढला, त्यात सगळं ओतलं, पुन्हा पाणी घातलं. पुन्हा फुगले! मग चतुर्थीला पाहुण्यांसाठी भात शिजतो तो तपेला माळ्यावरून खाली काढला. त्यात कोळ्याचं जाळं होतं, ते पुसलं. ओतलं. ढवळायला दवला, म्हणजे मोठी पळी, घातला, तो ढवळेचना! हात सोडला तरी सरळ उभा राहिला.

"ढवळूंक नाकां. गुठळ्यो जातात," शांताराम म्हणाला.

"मघाशी ढवळ म्हणालास!"

"तेन्ना गुठळ्यो खंय आसल्यो?"

"अरे, तू बोटीवर कुक होतास ना?"

"कुक?" शांताराम दुखावला. "हांव इंजिनांत आशिल्लों! सायब खातना दोळ्यांनी पळयल्लें फकत!"

इतक्यात तळातून जळका वास यायला लागला. शांतारामला एकाएकी घरचं काही काम आठवलं आणि त्याच वेळी पुढच्या दारातून सुमन मासळीची पिशवी घेऊन आत आली. तिने शेगडी पाहिली. तीन खरकटे टोप पाहिले. माझ्या कोपरापर्यंत चढलेले ओट्स पाहिले.

"ह्या काय?"

"नाश्ता," मी म्हणालो.

"गावजेवण आसा?"

मी वाटीत ओट्स काढले, म्हणजे दवल्याने कापूनच काढले म्हणा ना! वर दूध घातलं, गूळ घातला आणि मामांसमोर ठेवले. सुमन पदराला हात पुसत उभी राहिली. मामांनी चमचा घातला. चमच्याबरोबर वाटीसुद्धा वर आली! त्यांनी ती हळूच सोडवली, एक घास तोंडात घेतला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. बोलता येत नसावं. अखेर घास गिळून म्हणाले,

"जावयबापू, रागावू नकात. पण ह्या भिंतीक लावा, टिकतला."

आणि वाटी सरकवली.

सुमनने डोळे पुसले. "झाला. उद्या सकाळच्या बसने आमी जातव. मी कपडे भरतंय."

"अगो, इतकी घाई कित्याक?" मामा एकदम दचकून म्हणाले.

"तुमी गप रवा, बाबा. उपाशी माणसाक मी बघूक शकणा नाय!"

ती आत गेली. मी स्वयंपाकघरात येऊन तपेल्याशी बसलो. वरचे ओट्स बादलीत काढले, शेजारच्या म्हशीसाठी. तळाला बोटभर जाडीची खरवड धरली होती, तांबूस, कडक, काठाला करपलेली. ती मी उलथन्याने तोडतोडून एका थाळीत काढली आणि तीही म्हशीलाच द्यायची म्हणून मागीलदारी बादलीशेजारी ठेवली. हात धुतले आणि खाली मान घालून आत सुमनजवळ जाऊन बसलो. ती मामांची धोतरं घडी करत होती.

तेवढ्यात आवाज आला. कर्र. कुर्र. कट्ट!

सुमनने मान वर केली. "उंदीर!" ती कुजबुजली.

कर्र! कट्ट!

"केवढा असेल गं?"

"घूस आसतली! झाडू घेवा!"

मी झाडू घेतला, तिने लाटणं घेतलं. पावलं न वाजवता आम्ही मागीलदारी पोचलो आणि मी दार धाडकन उघडलं.

दाराआड पायरीवर मामा बसले होते. मांडीवर थाळी, हातात खरवडीचा तुकडा आणि तोंडात बत्तीस दात! पांढरेशुभ्र, एका ओळीत, एकही माप न चुकलेले!

मामांच्या तोंडातला घास आपोआप एकदा कट्ट वाजला.

"बाबा," सुमन म्हणाली, "दात कधी इले?"

मामांनी खाली बघितलं. "दोन महिने झाले."

"दोन महिने! आणि खंय होते?"

"चंचीत."

"आणि दर बुधवारी?" मी विचारलं.

"देवळाकडसून फिरान येय."

म्हणजे त्या बिचाऱ्या डॉक्टरने दोन महिन्यांपूर्वीच बरोबर मापाची कवळी दिली होती आणि मी गावभर त्याची अब्रू काढत होतो! माझ्या हातातला झाडू खाली आला.

"आणि पेज कित्याक खाय नाय होतात?" सुमनचा आवाज चढला.

"अगो, भूकच नसा! पहाटे पाव घेवन पोदेर येता, सायकलीचो भोंपो वाजयता. तुमी निजलेले. मी तेच्याकडसून चार काकणां घेतंय, कडक कडक, आणि खुर्चेर बसान खातंय. मगे नव वाजता पेज खंय जातली?"

तर सोप्यावरचा चुरा हा काकणांचा होता! त्या कडक गोल पावाच्या चुऱ्यासाठी आम्ही महिनाभर पिंजरा लावून बसलो होतो!

"पण लपयल्यात कित्याक, बाबा?"

मामांनी थाळी बाजूला ठेवली. कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि हातात धरली. दात नसलेलं त्यांचं तोंड एकदम लहान दिसलं.

"दात इले म्हटल्यार माका घरा जावचा लागला असता," ते म्हणाले. "बापूस लेकीच्या घरात कारणाशिवाय कसो रवतलो? लोक काय म्हणतले? आणि थंय... थंय पत्ते कोणावांगडा खेळू?"

सुमनने लाटणं टाकलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"चल," मामा उठले. "आता कळला ना? पिशवी दी माझी. आजच्याच बसने जातंय."

"बाबा, रवा!"

"कारण संपला, बाय."

तो त्यांचा स्वर मला ठाऊक होता. सासूबाई गेल्या तेव्हाही "आमच्याकडे चला" म्हणून आम्ही विनवलं होतं, तेव्हाही हाच स्वर होता. विनवण्यांनी हा माणूस हलत नाही. त्याला कारण लागतं. आणि माझ्यासमोर बादलीभर कारण पडलं होतं!

"मामा, तुम्ही जाणार कसे?" मी झाडू आपटून म्हणालो. "मी काल बोलून बसलोय की ओट्स मऊसूत करीन. झाले का मऊसूत?"

मामांनी बादलीकडे बघितलं. "नाय," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग चव घेऊन सांगणार कोण? सुमन माझी बायको, ती कधी खरं सांगेल का? शांताराम तर इंजिनातला! मला जाणकार माणूस हवा. माझा शब्द पडतोय, मामा!"

मामांनी कवळी तोंडात बसवली, खरवडीचा एक तुकडा मोडला आणि मला म्हणाले,

"जावयाचो शब्द म्हणजे कारणच ता. ओट्स मऊ जायपर्यंत रवतंय. तेच्यापुढे एक दीस नाय!"

संतोषला त्याच दिवशी पत्र टाकलं. दुसरा डबा आला, तिसरा आला. आता तर डिचोलीच्या दुकानातच मिळतात. त्या डॉक्टरला मी घरी बोलावून माफी मागितली आणि नाश्ता दिला. तो परत आला नाही.

याला आता सात वर्षं झाली. दर रविवारी मी ओट्स करतो, मामा एक घास घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, "अजून नाय, जावयबापू." मग खरवड कट्ट कट्ट खातात आणि पत्ते पिसायला घेतात. मामा राहावेत म्हणून मी ओट्स मुद्दाम बिघडवतो, असं मी सगळ्यांना सांगतो. लोक माझं फार कौतुक करतात.

फक्त सुमनसमोर मी तो विषय काढत नाही. गेल्या रविवारी माझा चष्मा पुसून, डब्याची इंग्रजी बाजू माझ्यासमोर धरून उभी राहिली होती ती. मी तीन वेळा वाचलं, वाचून केलं. तरी दवला उभाच!