दोन्हीकडून तीन इंच

डॉक्टरबाईंचा जुना ट्रक मागून इतका बसला होता, की लांबून बघणाऱ्याला तो आता पुढची चाकं उचलून सलाम ठोकेल असं वाटायचं. बाई गुरांच्या डॉक्टर. खिंडीतल्या रस्त्यावर दुसरी गाडी टिकत नसे, म्हणून वडिलांच्या मागे हा ट्रक त्यांनी जिवापाड जपला होता. पण परवा खिंडीतल्या एका धोंड्यानं त्याचा सायलेन्सर सोलून काढला, आणि गाडी मागून उचलून घ्यायचीच असं बाईंनी ठरवलं.

गॅरेज एक होतं, मालक दोन. थोरला आणि धाकटा, सख्खे भाऊ. दहा नंबरचा पाना कोणी हरवला यावरून अकरा वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. गॅरेजच्या मधोमध पिवळ्या रंगाची रेघ ओढलेली. उजवीकडचं थोरल्याचं, डावीकडचं धाकट्याचं. दार मात्र एकच, तेही मध्यावर. त्यामुळे ट्रक सरळ आत आला तो रेघेच्या दोन्हीकडे चाकं टाकून उभा राहिला.

"मागून तीन इंच उचलायचाय," बाई म्हणाल्या.

थोरला उजव्या चाकाशी वाकला. "सोपं आहे. एक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळा घालायचा. ठोकळा तीन इंच, गाडी तीन इंच. विषय संपला."

डाव्या चाकाशी धाकटा उकिडवा बसला होता. "बाई, त्यांना सांगा, ठोकळा म्हणजे गाडीला उंच टाचांच्या चपला. वळणावर पाय मुरगळणार. पाट्याचं मागचं टोक ज्या कडीला टांगलेलं असतं ना, ती शॅकल लांब करायची."

"त्याला सांगा, शॅकल लांब केली की गाडी झोपाळ्यासारखी झुलते."

"त्यांना सांगा, झुललेली परवडली, पण कंबर मोडायला नको."

दोघांमध्ये अंतर जेमतेम चार फुटांचं. "अहो, त्यांनी ऐकलंय की!" बाई कळवळून म्हणाल्या.

"ऐकलं असेल," धाकटा शांतपणे म्हणाला, "पण तुम्ही सांगितल्याशिवाय ते उत्तर देणार नाहीत."

बाईंनी निरोप पोचवला. उत्तर आणलं. पुन्हा पोचवलं. अर्ध्या तासात त्यांचा घसा बसला आणि गाडी होती तिथेच राहिली. तेवढ्यात खिंडीवरच्या गोठ्यातून फोन आला. गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता.

"हे बघा," बाई ओरडल्या, "मी औषधं घेऊन तासाभरात येते. कसंही करा, पण दोन्हीकडून तीन इंच करा!"

दोघांनीही हे अक्षरशः मनावर घेतलं. बाई परतल्या तेव्हा थोरल्यानं उजवीकडे तीन इंचांचा ठोकळा बसवला होता आणि धाकट्यानं डावीकडची शॅकल तीन इंचांनी लांब केली होती. रेघ कोणीच ओलांडली नव्हती. ट्रक मात्र डाव्या खांद्यावर पोतं घेतल्यासारखा कलला होता.

"हे असं का?" बाईंनी विचारलं.

"शॅकल जेवढी वाढवाल त्याच्या निम्मीच गाडी उचलली जाते," धाकटा म्हणाला. "दीड इंच."

"मग सहा इंचांनी वाढवायची ना!"

"तुम्ही तीन म्हणालात."

भांडायला वेळ नव्हता. बाई स्टिअरिंगला लटकून निघाल्या. रस्त्यावरची माणसं माना वाकड्या करून बघत होती. आणि खिंड लागली तेव्हा नवल झालं. हा रस्ता चढताना उजव्या हाताच्या दरीकडे उतरता होता. उजवीकडून उंच झालेला ट्रक त्यावर ताठ उभा राहिला. एरवी दर वळणाला घरंगळणारी जंतुनाशकाची बाटली सीटवर गुपचूप बसून राहिली. वडील असते तर त्यांनाही कौतुक वाटलं असतं, असं बाईंच्या मनात आलं.

तासाभराच्या खटपटीनं वासरू बाहेर आलं, शिंकलं, आणि बाईंच्याच अंगावर कोसळलं. हात धुऊन बाईंनी ट्रक परतीसाठी वळवला मात्र, बाटली, बॅग, दोरखंड आणि पाठोपाठ खुद्द बाई डाव्या दारावर जाऊन आदळल्या. आता दरी डावीकडे होती आणि ट्रक तिच्यात वाकून बघत होता.

"बाई, पडाल!" गोठेवाली किंचाळली. "आलात तशाच जा ना! तोंड इकडे ठेवून, मागे मागे!"

दुसरा इलाज नव्हता. बाई पाच किलोमीटरची खिंड रिव्हर्समध्ये उतरू लागल्या.

पहिल्याच वळणावर समोरून दुधाची गाडी खाली येताना दिसली. बाई मागे जात राहिल्या, ती पुढे येत राहिली. बाई वर येत होत्या आणि आपल्याला वाट द्यायला मागे सरताहेत, अशी दूधवाल्याची समजूत झाली. त्यानं हात हलवून आभार मानले. पुढच्या वळणावर पुन्हा मानले. तिसऱ्या किलोमीटरला तो हात जोडू लागला. पायथ्याशी बाई थांबल्या तेव्हा तो उतरून जवळ आला. त्याचे डोळे पाणावले होते.

"बाई, वीस वर्षं या रस्त्यावर आहे मी. एवढी वाट मला कोणी दिली नाही." आणि नको नको म्हणत असताना त्यानं दोन लिटर दूध त्यांच्या मांडीवर ठेवलं.

मान अवघडलेल्या बाई ते दूध घेऊन गॅरेजात शिरल्या, ट्रक सरळ, मान मात्र अजून मागेच वळलेली. घडलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. थोरल्याचा चेहरा उतरला. तो थेट धाकट्याकडे वळला.

"अरे, बाई दरीत गेल्या असत्या रे."

"हो ना, दादा," धाकटा म्हणाला.

मग काय झालं ते दोघांच्याही लक्षात आलं. अकरा वर्षांनी एवढं बोलल्यावर दोघे इतके लाजले, की थोरला फडका शोधायला लागला आणि धाकटा उगाचच एक नट घट्ट करू लागला. पुढचं बोलणं उद्यावर गेलं.

"गाडी ठेवून जा, बाई," दोघे एकदमच म्हणाले.

सकाळी बाई आल्या तर दोघे भाऊ एकाच बाकावर, अगदी रेघेवर बसून चहा पीत होते. थोरला बाईंना बाजूला घेऊन कुजबुजला, "त्याचंच बरोबर होतं. मी रात्री माझ्या बाजूचा ठोकळा काढून शॅकल टाकली. तीन इंच लांब. त्याला अजून सांगितलं नाही, खूश होईल."

बाई काही विचारणार, तोच धाकट्यानं त्यांना दुसरीकडे ओढलं. "दादाचा मान ठेवला, बाई. पहाटे येऊन शॅकल जुनीच लावली आणि तीन इंचांचा ठोकळा घातला. बोलू नका हं."

बाईंनी ट्रककडे पाहिलं. तो आता डावीकडून उंच होता, दीड इंच, तंतोतंत.

"कशी झालीय?" दोघांनी विचारलं. दोघांचेही चेहरे असे फुलले होते, की बाईंना खरं बोलवेना.

"झकास," त्या म्हणाल्या.

गाय आणि वासराला बघायला त्यांना जायचंच होतं. खिंडीच्या पायथ्याशी बाई थांबल्या, बोटांनी हवेत काहीतरी डावं-उजवं केलं, दरी कुठल्या हाताला येते ते दोनदा मोजलं. मग ट्रक गर्रकन वळवला, मान मागे फिरवली, आणि रिव्हर्समध्ये खिंड चढायला लागल्या.