हकीकत उडत्या गालिच्याची व हौसाबाई चेटकिणीची

विघ्नहर्त्यास वंदन करून, थोरांची क्षमा मागून आणि कोणाचेही मीठ न खाता हे लिहिले असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास, शाळांस सुटी लागली त्या समयी घाटाखाली, हमरस्त्यालगत एक राज्य नांदत होते. राज्यास कोट होता, कोटास बुरूज होते, बुरुजांस गुलाबी रंग होता, आणि आत बोलका आरसा, पऱ्यांचा महाल, राक्षसाची गुहा, चेटकिणीचे रान आणि उडता गालिचा ऐसे पाच चमत्कार आणि लाकडी घोड्यांचे चक्र धरून काही लहान पाळणे होते. रयत सकाळी दहास वेशीवर तिकीट घेऊन आत येई आणि सायंकाळी सहास आपापल्या गावी परते. आईबापांनी लेकरांसह यावे आणि दिवसभर परीकथेत राहावे, ऐसा त्या राज्याचा लौकिक. धनी श्रीमंत हंबीरराव सणस. मोठे उद्योगी पुरुष, परंतु स्वभाव संशयी. जादू ही सारी हातचलाखी आहे हे जो रोज पाहतो, त्यास माणसाच्या शब्दांतही हातचलाखीच दिसू लागते, तैसे त्यांचे जाहले होते. झाडाझाडावर कॅमेरे बसविले, पहारेकऱ्यांवर दुसरे पहारेकरी ठेविले, आणि डोंगरापलीकडे घसरगुंड्यांचे व कृत्रिम लाटांचे एक पाण्याचे राज्य नवे उभे राहिले होते, तेथील हेर आपल्यात शिरले आहेत ऐसे ते जेवतानाही बोलत. कारभारी नीळकंठपंत किंजवडेकर त्यांचे म्हणण्यास मान डोलवीत आणि रोज एक नवा संशय आणून देत.

त्या राज्यात हौसाबाई पाखरे नामे बाई चेटकिणीचे काम करीत होती. वय साठीच्या घरात. नवरा किसन पाखरे हयात होता तोवर दोघांनी तीस वर्षे जत्रोजत्री पाळणा फिरविला होता. तो वारल्यावर बाईने पाळणा विकला आणि येथे लांब नाक लावून, काळा झगा पांघरून लेकरांस भिवविण्याची चाकरी धरिली. तिचे रान उडत्या गालिच्याच्या पायथ्याशीच. गालिचा म्हणजे चोवीस आसनांचा पाळणा. लोखंडी दांडा त्यास तीन पुरुष उंच उचली, गरगर फिरवी आणि खाली आणी. तो ध्वनी बाई दिवसभर ऐके. चैत्राच्या अखेरीस तिच्या ध्यानी आले की ध्वनी पालटला आहे. मग ती दौलत मिस्तरीकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, आधी गालिचा गुरगुरायचा, आता दात खातोय. दांड्याचं बेअरिंग उघडून बघा." मिस्तरी म्हणाला, "मावशी, तुमी पोरं भिववा, मशिनीचं मी बघतो." ऐसे बोलून त्याने वरून ग्रीस फासले आणि तपासणीच्या कागदावर सही ठोकली. दोन दिवस ध्वनी दबला, तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. मग बाई दुपारच्या जेवणाच्या सुटीत गालिच्याखाली वाकून गेली, तो खाली तांबूस भुगा पडलेला. तिने तो चिमटीने गोळा करून कागदाच्या पुडीत बांधिला आणि पिशवीत ठेविला, की धन्यास दाखवावा.

परंतु पऱ्यांच्या महालातील परीराणी, गार्गी तुपे नामे मुलगी, तिने हे दुरून पाहिले आणि कारभाऱ्यांस जाऊन सांगितले. पंतांनी तत्काळ बाईची पिशवी झाडून घेतली. पुडी सापडली. तांबडी पूड पाहून पहारेकरी दोन पावले मागे सरले. एक म्हणे करणी आहे, दुसरा म्हणे कानशीने लोखंड घासल्याचा चुरा आहे. आणखी चौकशी करिता ऐसे निघाले की बाईचा धाकटा दीर त्या पाण्याच्या राज्यातच चाकरीस आहे. मग काय विचारता! हंबीररावांनी बाईस आपल्या दालनात बोलाविले. बाई झग्यानिशी, नाक हातात धरून उभी राहिली. श्रीमंत बोलिले, "दिराशी बोलणं कधी झालं?"

"पाडव्याला, साहेब. पुरणपोळी घेऊन आला होता."

"आणि गालिच्याचं काय ठरलं तुमचं?"

"ठरायचं काय त्यात? साहेब, पुडी बघा. लोखंड झिजून गंजून खाली पडतंय. एक दिवस गालिचा बंद ठेवा, बेअरिंग उघडा. खोटं निघालं तर मला हाकला."

पंत मध्येच बोलिले, "सुटीतल्या रविवारी गालिचा बंद राहिला तर गर्दी कुठं जाईल, हे बाईंना बरोबर ठाऊक आहे!" श्रीमंतांनी पुडीकडे पाहिले, बाईकडे पाहिले, क्षणभर त्यांचेही मन डळमळले आणि म्हणूनच ते अधिक रागावले. आज्ञा जाहली की रविवारचे दिवशी दुसरी चेटकीण मिळणे नाही, सबब बाईने तेवढा दिवस काम करावे आणि सोमवारी चालते व्हावे; आणि गालिच्यापासून वीस हात दूर राहावे. बाई बाहेर आली. तिजला रडू येईना. तीस वर्षांत आपल्या पाळण्यावरून एक लेकरू पडले नाही, आणि आता पडेल तर लोक म्हणतील हिनेच पाडिले, हा विचार तिच्या काळजाला लागला.

वैशाख शुद्ध पंचमी, रविवार. रयत लोटली. गालिच्यापुढे लेकरांची रांग लागली आणि अकराच्या ठोक्यास मिस्तरीने साखळी काढिली, तोच बाई रानातून धावत आली आणि पायरीवर दोन्ही हात पसरून उभी राहिली. चेटकिणीच्या आवाजात ओरडली, "जो गालिच्यावर बसेल त्याचा बेडूक करीन!" लेकरे आनंदाने किंचाळली. आईबापांनी मोबाईल काढून चित्रे घेतली. रांगेत पुढे सहा वर्षांची एक मुलगी होती, ती म्हणाली, "मला व्हायचंय बेडूक!" आणि बाईच्या हाताखालून शिरून थेट आसनावर जाऊन बसली. मागून आणखी चार लेकरे धावली. पहारेकरी धावून येत होते. तेव्हा बाईने नाक उपटून फेकले, टोप काढिला, पिकले केस मोकळे जाहले, आणि त्या मुलीपुढे गुडघे टेकून ती आपल्या साध्या आवाजात म्हणाली, "बाळ, मी चेटकीण नाही गं. मी हौसाआजी. हा पाळणा मोडणार आहे. ऊठ, माझी बाय, ऊठ." मुलीने त्या मुखाकडे पाहिले. चेटकिणीस जी भ्याली नव्हती ती आजीच्या डोळ्यांतील भय पाहून भ्याली, रडत उठली आणि आईकडे धावली. मग बाकीची लेकरेही उतरली, रांग मोडली, आणि आईबाप जाब विचारू लागले.

हंबीरराव तेथे येऊन पोहोचले. बाईची लबाडी चारचौघांत उघडी पाडावी म्हणून त्यांनी आज्ञा केली, की आसनांवर वाळूची पोती बांधा आणि गालिचा सोडा. लोकांस दोरापलीकडे उभे केले. पहिला फेरा जाहला, काही नाही. दुसरा जाहला, काही नाही, पंत हसले. तिसऱ्या फेऱ्यास गालिचा वर गेला आणि वरून ऐसा कडाका जाहला की कोटावरली कबुतरे उडाली, दांडा मुळापासून निखळला, गालिचा चोवीस पोत्यांनिशी चेटकिणीच्या रानात कोसळला आणि प्लास्टरची झाडे चिरडून आडवा पडला. त्या मुलीच्या आईने मुलीस इतके घट्ट धरिले की मुलगी म्हणाली, "आई, दुखतंय."

पुढे शहरातून तज्ज्ञ आणविले, त्यांनी बेअरिंग कैक महिने झिजत होते ऐसे लिहून दिले. दौलत मिस्तरीने न उघडता सही केल्याचे कबूल केले आणि त्याची चाकरी गेली. तरी पंत खासगीत म्हणतच राहिले, की जिला इतके नेमके ठाऊक, तिचाच हात असला पाहिजे. हंबीररावांनी बाईस पुन्हा बोलाविले. म्हणाले, "खरं सांगा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" बाई म्हणाली, "त्यानंच. गालिच्यानं." श्रीमंत बोलिले, "रोज सकाळी सगळे पाळणे तुम्ही ऐकायचे. तुम्ही बंद म्हणाल तो बंद." बाईने हे लिहून मागितले आणि श्रीमंतांनी लिहून दिले.

परंतु दुसरेच दिवशी बाई घोडेचक्राच्या खांबास कान लावून उभी असता मागे पाऊल वाजले. पाहते तो मारुती घोडके पहारेकरी, हातात वही. बाईने विचारिले, "माझ्यावर ठेवलंय का तुला?" मारुती खाली मान घालून म्हणाला, "व्हय मावशी. साहेबांचा हुकूम." बाई हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मग लांबून काय कळणार? ये इकडं, तूही कान लाव." त्याने वही काखेत धरिली, खांबास कान लाविला, श्वास रोखून बराच वेळ ऐकिले आणि म्हणाला, "मावशी, काईच ऐकू येत नाई."

बाई म्हणाली, "तेच ऐकायचं असतं."

ऐसे हे वर्तमान. त्या साली लेकरे सुखरूप घरी गेली, राज्य राहिले, धन्याचा संशयही राहिला. जैसे घडले तैसे लिहिले, अधिकउणे असल्यास वाचणाराने आपल्या बुद्धीने पुरते करून घ्यावे.