शेलारआबांची खात्री

आमच्या तुंगार्लीतले शेलारआबा मुलाखत घेतल्याशिवाय भिकाऱ्याला काही देत नाहीत. आणि त्या मुलाखतीत आजवर कुणी पास झाल्याचं ऐकिवात नाही.

आबा मूळचे वडिवळ्याचे. नोकरीची सगळी वर्षं तळेगावकडच्या एका कारखान्याच्या गेटवर गेली. कुठनं आलात, कुणाला भेटायचंय, पिशवीत काय, हे विचारल्याशिवाय त्यांनी साहेबाच्या मेव्हण्यालाही आत सोडलं नाही. निवृत्त झाल्यावर ते मुलाच्या बंगल्यात राहायला आले, पण गेट काही सुटलं नाही. ते त्यांनी आता खिशाला बसवून घेतलंय. बाजारात कुणी हात पसरला की आबा छत्री टेकवून उभे राहतात. गाव कुठलं, घरी कोण, सकाळी काय खाल्लं, दारू पितोस का, तोंडाचा वास दे बघू. समोरचा बिचारा कंटाळून दुसरं गिऱ्हाईक बघतो. "बगा बाई," आबा मला सांगतात, "खरा असता तर थांबला असता."

मी आबांची शेजारीण, शाळेत शिकवते, म्हणून 'बाई'. माझी पद्धत सोपी. पर्समध्ये हात घालायचा, लागेल ते नाणं टाकायचं आणि पुढे चालू लागायचं. आबांना हे अजिबात पसंत नाही. ही दया नव्हे, ही स्वतःची सुटका, असं ते म्हणतात.

आबांना एकच जण पुरून उरली. स्टेशनच्या पुलाच्या जिन्याशी बसणारी एक म्हातारी. ती कंटाळायची नाही. विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, फक्त रोज नवी. आज गाव जालन्याकडचं, उद्या कर्जत, परवा थेट नागपूर. मुलगा कधी पोलिसात, कधी मूलबाळच नाही. आबा यावर बेहद्द खूश असत. "काल जालना म्हनली हुतीस मावशी. खात्री न्हाई झाली. उद्या बगू."

"बगा की," म्हातारी म्हणायची.

सकाळचं फिरणं संपवून येताना आबांचा तासभर त्या जिन्याशी जायचा. घरी तसं घाईनं परतावं असं काही नव्हतं. आबांच्या मंडळी वारल्या, मुलगा आणि सून बंगळुरूला.

यंदा भातकापणी झाल्यावर भावानं वडिवळ्याहून नव्या इंद्रायणीचं पोतं पाठवलं. त्यांच्याकडे खळ्यावर आलेल्या माणसाला कोण, कुठला, असं विचारत नाहीत. दोन्ही हातांची ओंजळ भरून पसाभर घालतात आणि वाटेला लावतात. पोतं उघडल्यावर आबांना हे आठवलं असणार. शिवाय पैशाचं पुढे काय होईल याची खात्री नसते, तांदळाची असते. त्यांनी पिशवीत चांगले भरघोस पसे घातले आणि एकही प्रश्न न विचारता म्हातारीपुढे ठेवले.

तिनं पिशवीत पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. "आबा, ह्ये शिजवू कुटं?"

जन्मभर भात पिकवणाऱ्या घरातल्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. चूल नसलेलं माणूस त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. पिशवी तिथेच ठेवून ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी म्हातारी जागेवर नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हती. आबा माझ्या दारात आले ते दोन पायांत दोन जातींच्या चपला घालून. "बाई, ती गेली. भुकेल्या मान्साला कच्चा तांदूळ दिला म्या. माज्यामुळं गेली." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला भीतीच वाटली.

आम्ही स्टेशनवर विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं, देवळाच्या पायऱ्या पाहिल्या. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. इतक्या मुलाखतींत नाव विचारायचंच राहून गेलं होतं. बरं, गाव? आबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, कंचं सांगू?"

हसावं की रडावं ते कळेना. पण तिथे अशी कुणी म्हातारी आली नव्हती, एवढं तरी बरं होतं.

परतताना स्टेशनमागच्या गल्लीत आबा एकदम थांबले आणि त्यांनी नाक वर केलं. मला फक्त चिक्कीच्या गुळाचा आणि तळणाचा वास येत होता. "इंद्रायणी," आबा म्हणाले. "नवी. आमच्या वावरातली." इंद्रायणी अख्ख्या मावळात पिकते, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. आबा वासाच्या मागे निघाले आणि मी आबांच्या.

वडापावची गाडी लावणाऱ्या सुमनच्या खोलीबाहेर म्हातारी लसूण सोलत बसली होती. आत गॅसवर पातेलं होतं. भात शिजवायला जागा शोधत ती सुमनकडे आली होती. दोघी जेवल्या. सुमनला सोलायला-निवडायला माणूस हवंच होतं, म्हणून ती तिथेच राहिली. एवढंच झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला. आबा तर पायरीवर बसलेच.

"या आबा, जेवा," म्हातारी म्हणाली.

आबांनी मान हलवली. घरी स्वयंपाक झालाय म्हणाले.

"कोन करतं?"

"पोरगा आलाय. त्योच करतो."

"परवा तर सून करती म्हनला हुता."

आबा खाली बघून चपलेचा अंगठा चाचपू लागले. गणपतीनंतर मुलगा किंवा सून, कुणीच इकडे फिरकलेलं नव्हतं. शेजारच्या स्वयंपाकघरातून संध्याकाळी फक्त चहाचा वास येतो, हे मला ठाऊक होतं. म्हातारीला ते न सांगताच कळलं असावं.

ती आत गेली आणि ताट घेऊन आली. वाफाळता भात, वर आमटी, कडेला लसणाची चटणी. ताट तिनं आबांपुढे सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या. खात्री उद्या बगू. आदी जेवा."

आबा जेवू लागले. पहिले काही घास त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा भात घेताना मात्र विचारलं, "मावशी, नाव काय गं तुजं?"

"गोदा," ती म्हणाली.

आबांनी पुढे काही विचारलं नाही.