नोव्हायचा एकुलता व्हेटो

व्हेटो या विषयावर अख्ख्या मिशिगनमध्ये माझ्याइतकं अधिकारानं कुणी बोलू शकणार नाही, असं मी सुलेखाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "ते मात्र खरंय," म्हणाली. बायको पहिल्या फटक्यात कबूल झाली, तिथंच मला शंका यायला हवी होती.

साल १९८५. संयुक्त राष्ट्रसंघाला चाळीस वर्षं झाली म्हणून आमच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीनं माझं भाषण ठेवलं होतं. दिवसभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणाऱ्या माणसाला जगाचे ब्रेक कुणाच्या पायाखाली आहेत हे सांगायला मिळणार! आठवडाभर आरशासमोर प्रॅक्टिस केली.

भाषण झकास झालं. "या पाच देशांना व्हेटो का? तर ते टेबलाशी आधी येऊन बसले म्हणून! सगळं जग हात वर करतं आणि एक जण नाही म्हणतो. हे जाब कुणाला देतात?" साठ अमेरिकनांनी टाळ्या वाजवल्या.

प्रश्नांसाठी पहिला हात वर झाला तो मालिनीचा. आमचीच कन्या, वय बारा.

"बाबा, देन व्हाय डिड यू व्हेटो पद्मिनीकाकूज क्लास?"

"कुठला क्लास?" अध्यक्षस्थानच्या म्हातारबुवांनी कौतुकानं विचारलं. आणि पोरीनं सगळं सांगितलं, तेही शुद्ध इंग्रजीत.

आमच्या मराठी मंडळाची घटना मीच टाइप केलेली. तिच्यात पाच संस्थापकांना व्हेटो. तिघं तिकडे कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला गेले, एक फ्रीमाँटला, उरलो मी. पद्मिनीवहिनींनी दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मुलांसाठी मराठीचा वर्ग सुचवला. बेचाळीस हात वर झाले. मी व्हेटो वापरला, कारण शनिवारी त्या हॉलमध्ये आमचा ब्रिजचा डाव असतो.

"आय वॉन्टेड टु रीड आजीज लेटर्स मायसेल्फ," मालिनी म्हणाली आणि खाली बसली.

हे मला माहीतच नव्हतं. साठ परक्या माणसांच्या बरोबरीनं ते मलाही तेव्हाच कळलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागच्या रांगेत पद्मिनीवहिनी मान खाली घालून बसल्या होत्या, जणू चूक त्यांचीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी मंडळाची सभा. प्रतापनं व्हेटो रद्द करायचा ठराव मांडला. आता घटनेप्रमाणे त्यालाही व्हेटोवाल्याची संमती लागते. ते कलमही माझंच. सगळे माझ्याकडे बघत बसले. मी मुकाट्यानं हात वर केला. वर्ग मंजूर झाला.

"आलोच आहोत तर अध्यक्षही निवडून टाकू यार," प्रताप म्हणाला. मंडळाच्या सात वर्षांत ते राहूनच गेलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. पद्मिनीवहिनी एक्केचाळीस, मी दोन.

घरी परतताना गाडी सुलेखा चालवत होती.

"थँक्यू," मी म्हणालो. "तू तरी मला मत दिलंस."

"मी वहिनींना दिलं."

"मग ते दुसरं मत कुणाचं?"

"वहिनींचं. स्वतःलाच मत द्यायचं त्यांना बरं दिसेना, म्हणाल्या." एक सिग्नल गेला. मग तिनं विचारलं, "आणि पहिलं कुणाचं हो?"

मागच्या सीटवरून मालिनी हळूच म्हणाली, "आई, डोन्ट."

तुम्हीही विचारू नका.