बोळकीचं मरण

टिली सहा वर्षांची झाली आणि शिमेकांच्या घरात एक गाय मरायची वेळ आली.

त्या घरचा तसा नियमच होता. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत ज्यांच्याकडे गुरं आहेत, ते पोराच्या हाती सायकलीआधी वासरू देतात; पण शिमेकांकडे त्यालाही अटी होत्या. वासरू आई मेलेलंच हवं. पोरानं ते बाटलीनं दूध पाजून जगवायचं, मग ते त्याचं. त्याला पुढं जे होईल तेही त्याचं, आणि असा त्याचा कळप सुरू. विकत घेतलेलं वासरू चालणार नाही, जिवंत आईपासून तोडलेलं तर मुळीच नाही. हा नियम मुळात कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो राखायचं काम टिलीच्या आजोबांनी, व्हर्लिन शिमेकांनी, आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यांच्या लहानपणी हिमवादळानं त्यांची सोय केली होती. त्यांच्या मुलाच्या, रॉसच्या वेळी वीज पडली होती.

"आणि माझ्या वेळी?" टिलीनं विचारलं.

"बघू. मरेल की एखादी," आजोबा म्हणाले. "दर वर्षी मरतेच."

त्या वर्षी एकही मरेना. मार्च लागला, गाई पटापट व्यायल्या, उठल्या, वासरांना चाटायला लागल्या. असली सुखरूप वीण रॉसनं जन्मात पाहिली नव्हती, आणि बिचाऱ्याला आनंद करायचीही चोरी झाली होती. एका गाईला जुळं झालं. मागच्या वर्षी एकच वासरू होतानाही ती मरता मरता वाचली होती. आजोबा मोठ्या आशेनं सकाळभर कुंपणाला टेकून उभे राहिले. ती दोघांना आळीपाळीनं पाजत होती, आणि मधल्या वेळात शेजारणीच्या वासराचंही तोंड पुसत होती.

"हिला काय धाड भरलीय यंदा?" आजोबा करवादले.

रात्रीच्या जेवणाआधीची प्रार्थना टिलीकडे असायची. ती हात जोडून म्हणाली, "देवा, या जेवणाबद्दल आभारी आहोत. आणि ती गाय तेवढी बघ. मोठी नको. लहानशी मेली तरी चालेल."

"टिली!" तिची आई जोलीन ओरडली. "असं मागतात का देवाकडे?"

"मग वासरू कसं मागायचं?"

आजोबांनी बटाटे मागितले.

शेवटी आजोबा गाडी काढून शेजारच्या गस लुडेनकडे गेले. शेजार म्हणजे चांगला तासाभराचा कच्चा रस्ता.

"काय गस, सगळं ठीक ना?"

"एकदम उत्तम."

"सगळ्या गाई?"

"सगळ्या."

"नीट बघितलंस? मागच्या कुरणातल्या?"

गसनं हातातलं फावडं खाली ठेवलं. "व्हर्लिन, तू एवढी वाट तुडवत येऊन माझ्या दारात माझ्या गाईंचं मरण काय विचारतोयस? गिधाड आहेस का?"

आजोबा तसेच मागे फिरले. आता व्यायची राहिली होती ती फक्त बोळकी.

बोळकी म्हणजे कळपातली सगळ्यांत म्हातारी गाय. तिचे दात केव्हाच गेले होते. दात नसलेल्या गाईला गवत ओरबाडता येत नाही, हिवाळ्यात ती खंगत जाते. म्हणून असल्या गाई शरदातच बाजारात पाठवतात. हिलाही पाठवायचं ठरलं होतं, पण आजोबांनी "असू दे, एक वीण आहे अजून तिच्यात" म्हणून तिला ठेवून घेतलं होतं. तेव्हा ते तसं का म्हणाले, याचा रॉसच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला.

"बाबा, तुम्ही तिला मरायला ठेवलंत?"

"मरायला नाही ठेवली. ती जगेल असं मला वाटलं नाही, एवढंच."

"पोरीच्या वासरासाठी गाय मारायची!"

"मी कुठं मारतोय? ती मरेल आपली आपण." आजोबांचा आवाज मात्र जरा खाली आला होता.

त्यांनी टिलीला गोठ्यात नेलं. बोळकी हाडांचा सापळा होऊन उभी होती, पोट तेवढं पुढं आलेलं.

"तुझं वासरू हिच्या पोटात आहे."

"आणि ही मरणार?"

"वय झालंय गं तिचं. पण व्यायच्या आधी मेली तर वासरूही जाईल. म्हणून तोवर हिला जगवायचं, ते तुझं काम. मक्याचा भरडा कोमट पाण्यात भिजवून दे. चावायला लागत नाही."

टिली कामाला लागली. सकाळी शाळेच्या बसआधी एक बादली, शाळेतून आल्यावर दुसरी. आधीआधी बादली ठेवता ठेवता ती गाईला न्याहाळून विचारायची, "आजोबा, अजून किती दिवस?" बोळकी तोंड बुडवून भरडा ओरपायची, मग टिलीची लोकरीची टोपी चाटायची. हळूहळू तिच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या. अंगावर तकाकी आली. मरणाच्या दारात बसलेली गाय पोरीची चाहूल लागली की हंबरत कुंपणापर्यंत धावायला लागली.

"फार घालू नकोस गं तिला," आजोबा एकदा म्हणाले.

"म्हणजे उपाशी मारायची?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

आजोबांनी रिकामी बादली उचलली. टिलीनं 'अजून किती दिवस' हे विचारणं सोडून दिलं होतं. आणि एके दिवशी जेवणाच्या प्रार्थनेतून गाय गाळली गेली. सगळ्यांच्या ते ध्यानात आलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी, बर्फमिश्रित पाऊस कोसळत असताना, बोळकी अडली. रॉसनं बाह्या सरसावल्या, वासराच्या पायांना साखळी लावली आणि खेचायला सुरुवात केली. आजोबांनी गाईचं डोकं धरलं. टिली कोपऱ्यात गवताच्या गठ्ठ्यावर बसून दोन्ही हातांची बोटं चावत होती. खूप वेळानं वासरू बाहेर आलं, काळंभोर, ओलंचिंब, आणि शिंकलं. कालवड होती. बोळकीनं मात्र मान टाकली. डोळे पांढरे केले. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली.

तेवढ्यात बोळकी उठली. एकदा अंग झाडलं, वासराकडे वळली आणि चाटायला लागली.

बाळबाळंतीण सुखरूप होती. शिमेकांच्या घरावर अवकळा पसरली.

टिलीनं आधी गाईच्या गळ्याला मिठी मारली आणि खदखदून हसली. मग काय झालं ते तिच्या लक्षात आलं आणि तशीच गळ्यात पडून ती भोकाड पसरून रडली. "मग वासरू डॅडीचं?" तिनं विचारलं. रॉस साखळी धूत होता. ती आधीच धुऊन झाली होती.

दुसऱ्या दिवशी नवीनच पेच पडला. बोळकीच्या कासेत दूध नव्हतं. वासरू ढुशा देऊन देऊन दमलं, शेवटी उभं राहवेना. टिलीनं पावडरीचं दूध कालवून बाटली तोंडात दिली, तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

"बाटली मी देतेय," टिली जेवताना म्हणाली. "मग माझं ना?"

"आई जिवंत आहे त्याची," आजोबा म्हणाले.

"बाबा," जोलीन म्हणाली, "तुमच्या या नियमाला काही डोकं आहे का?"

"नियमाला डोकं नसतं. ते असतं तर तो एव्हाना बदलला नसता का?"

रॉसनं कप खाली ठेवला. "हे बघा, मार्ग आहे. गाईला दूध नाही, दात नाहीत. तिला येत्या गुरुवारी बाजारात धाडू. वासराला आई उरत नाही, म्हणजे नियमही राहिला आणि वासरू टिलीचं. सगळ्यांचंच भलं."

"बोळकीचं पण?" टिलीनं विचारलं.

रॉसनं साखर न घातलेली कॉफी ढवळली. "नाही. ती तिथून कसायाकडे जाईल. तुझ्याशी खोटं नाही बोलणार."

आजोबा घसा खाकरून म्हणाले, "वासरू तुला हवंय, तेव्हा तू ठरव. गुरं पाळायची म्हणजे हेच करावं लागतं, पोरी. बाकी सगळं कुणीही करतं."

सहा वर्षांच्या मुलीला असं सांगणं हा निर्दयपणा होता, आणि टेबलाशी बसलेल्या तिन्ही मोठ्यांना ते कळत होतं. पण आजोबांनाही त्यांच्या वडिलांनी असंच शिकवलं होतं, आणि दुसरी काही रीत त्यांना येत नव्हती.

गुरुवारी सकाळी रॉसनं ट्रेलर गोठ्याला लावला. बोळकी कुणाच्याच मागे जाईना. शेवटी टिली भरड्याची बादली घेऊन पुढं झाली, ट्रेलरमध्ये चढली, बादली आत ठेवली, आणि गाय तिच्यामागून मुकाट आत गेली. पोरगी खाली उतरली. नाक वाहत होतं, डोळे सुजले होते, पण आवाज ताठ होता.

"तिला दात नाहीत. हिवाळ्यात कुरणात ती हळूहळू उपाशी मरेल. ते जास्त वाईट. ने तिला, डॅडी."

पोर हातापाया पडेल, मग आपण समजूत काढू, अशी तयारी करून आलेला रॉस नुसता बघत राहिला. "पोरगी शिकली, बाबा," तो म्हणाला. "लावा कडी."

आजोबांचा हात कडीवर होता. "लावतो."

"लावा ना."

"लावतो म्हटलं ना!"

हात हलेना. आत बोळकीनं बादली चाटूनपुसून लख्ख केली होती, आणि आता ती मान वळवून ही माणसं आणखी काय आणतायत ते बघत होती. आयुष्यभरात आजोबांनी किती गाई ट्रेलरमध्ये चढवल्या असतील त्याची गणतीच नव्हती, आणि एकीच्याही वेळी ते असे अडले नव्हते.

"उतरव तिला," ते म्हणाले.

"नाही!" टिली किंचाळली. "मग वासरू माझं नाही होणार! मी रडलेय ना एकदा! परत नाही रडणार मी!"

आजोबांनी गाईकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग जाहीर केलं, "गाय मेली."

"कोण?" रॉस म्हणाला.

"ही. आत्ताच. ट्रेलरमध्ये गेली. मी बघितलं."

"बाबा, ती माझी बाही चघळतेय."

"गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. वासराची आई वारली. वासरू टिलीचं."

रॉसनं आपली बाही सोडवून घेतली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पार लांबच्या टेकड्यांकडे बघत राहिला. टिली बाहीनं नाक पुसत विचारात पडली होती. मग तिनं मान डोलावली. बोळकी वारल्याचं घरानं मान्य केलं.

मेलेली गाय उन्हाळाभर गोठ्यामागच्या लहान कुंपणात राहिली. टिलीला आता वासराच्या पाठीमागं वेळ पुरत नव्हता, तेव्हा भरड्याच्या बादल्या आजोबाच न्यायचे. "मका कोण संपवतंय एवढा?" जोलीन विचारायची. "कुणी नाही," आजोबा म्हणायचे. एकदा गस लुडेन आला. बोळकी कुंपणावरून मान काढून आजोबांच्या खिशात तोंड घालत होती.

"ही म्हातारी आहे अजून?"

"छे. ती एप्रिलमध्येच गेली."

गसनं गाईकडे पाहिलं, मग टिलीकडे.

"एकदम अचानक गेली," टिली गंभीरपणे म्हणाली.

"वाईट झालं," गस म्हणाला. तो लगेच निघाला, आणि पुढं गावभर व्हर्लिन शिमेकांच्या तब्येतीची चौकशी करत फिरला.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या सकाळी आजोबा बादली घेऊन गेले तेव्हा बोळकी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. अंगावर पातळ बर्फ साचला होता आणि तो वितळत नव्हता. भरलेली बादली त्यांनी परत दारापर्यंत आणली. मग घरात आले आणि कोट न काढता टेबलाशी बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते कुणाला सांगायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. गाय एप्रिलमध्ये मेली होती. तसं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"काय झालं, बाबा?" जोलीननं विचारलं.

"काही नाही."

टिली दप्तर अडकवत होती. तिला दारात भरलेली बादली दिसली. ती बूट चढवून बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या टोपीवर बर्फ होता.

"आजोबा, कोण मेलं?"

"कुणी नाही."

"बरं," ती म्हणाली. दप्तर खाली ठेवून तिनं त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांना टेकून बसली. बाहेर शाळेची बस येऊन भोंगा वाजवत राहिली, पण ती उठली नाही, आणि कुणी तिला उठवलंही नाही.