थंडी खालून येते

माझे उकंडाकाका हिवाळ्यात झाडाला लटकून झोपतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण मेडशीच्या बाजूला कुणालाही आमचं घर विचारा, तो आधी हेच सांगेल आणि मग हसत हसत घर दाखवेल.

आमच्या शेतात एक निंब आणि एक बाभूळ शेजारी शेजारी आहेत. जुनी पोती उसवून जोडलेली एक लांबलचक झोळी अंबाडीच्या दोरांनी त्यांच्यामध्ये बांधलेली असते. तान्ह्या पोराची असते तशीच, फक्त आत पिकल्या मिशांचा माणूस. उन्हाळ्यात अख्खं गाव बाहेर झोपतं, तेव्हा काकांकडे कोणी बघत नाही. पावसाळ्यात ते गोठ्यात बैलांपाशी पडतात. पण पौष-माघात, कुत्रीसुद्धा चुलीच्या राखेत शिरतात तेव्हा, हा माणूस घरी जेवतो, मिशा पुसतो आणि झोळीकडे चालू लागतो. पिकाच्या जागलीला जातात म्हणावं, तर पीक घरात येऊन पडल्यावरही तेच.

मला याची भयंकर लाज वाटायची. शाळेत एकदा मास्तरांनी विचारलं, "तुझे काका काय करतात रे?" मी "शेती" म्हणायच्या आत मागून कोणीतरी ओरडलं, "लटकतात!" पोरं हसली त्याचं काही नाही, पण मास्तरही हसले. तेव्हापासून मी वटवाघळाचा पुतण्या झालो.

आईबाप मला आठवत नाहीत. काका-काकूंनीच मला वाढवलं. पुढे मी लहान असतानाच काकूही तापाने गेली आणि विधवा आत्या घर सांभाळायला आली. झोळी तेव्हापासूनची, एवढंच मला ठाऊक होतं. आत्याला कारण विचारलं तर ती म्हणायची, "त्याले घरात गुदमरते." काकांना विचारलं तर कारण बाजूलाच राहायचं आणि व्याख्यान सुरू व्हायचं.

"थंडी खालून येते बाप्पा! लोक येडे हायत, वरून गोधड्या पांघरतात. वरून कायले? वारं तर पाठीले लागते!"

झोळीत पाठीखाली जमीन नसते. गोधडी अंगाखाली घेतली तर ती अंगाच्या भाराने दबून जाते, आणि काकांच्या मते "दाबलं की मेलं ते, मंग त्यात ऊब राहत नाई." यावर त्यांनी बरीच वर्षं डोकं चालवलं. एकदा तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी घेतली. विटेने फडकं जाळलं, झोळी जाळली आणि स्वतः खाली पडली, तिच्या मागोमाग काका. दोन दिवस लंगडत होते, पण चूक विटेची होती असंच सांगायचे. एकदा शेळीला कुशीत घेऊन पाहिलं. "ऊब झकास होती," ते म्हणाले, "पण शेळीले झोका सोसत नाई." पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. धोतर आत्यालाच धुवावं लागलं.

शेवटी त्यांनी झोळीच्या खाली दुसरी सैल झोळी टांगली आणि तिच्यात तुरीचं कुटार भरलं. कुटार म्हणजे मळणीनंतर उरणारा पाला-भुसा, गुरांना घालतात तो. ठासून नाही, सैलसर भरायचं. "एक छदाम नाई लागत! राजा बी असा झोपत नसन!" हे ते रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी गाडीवानाला थांबवून सांगायचे. मी सोबत असलो तर बैलांच्या आड उभा राहायचो.

या काकांना घेऊन मला माझ्या लग्नाला जायचं होतं.

मुलगी रिसोडजवळच्या एका खेड्यातली. तिचं नाव इथे लिहीत नाही. आमच्याकडे बायकोचं नाव कोणी घेत नाही, आणि मी काही वेगळा शहाणा नाही. तिचे वडील पुंजाजी भाजीपाल्याचा लहानसा मळा करून पोट भरायचे. मुहूर्त माघातला होता. आदल्या दिवशी दुपारी आमचं वऱ्हाड निघालं, तेव्हा काकांच्या दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, एक फुगलेलं पोतं दिसलं. बैलांचा चारा असेल, असं मी मनाला समजावलं. बैल त्याचा वास घेत होते, पण काका त्यांना तोंड लावू देत नव्हते.

दिवेलागणीला जेवणं झाली. आम्हाला जानोसा म्हणून उतरायला दिलेल्या घरात गवत पसरून, वर सतरंज्या घालून चांगली सोय केली होती. वऱ्हाडी आडवे होऊ लागले. काका उठले, पोतं खांद्यावर टाकलं आणि गावामागच्या आमराईकडे चालू लागले. थोड्याच वेळात एक पोरगी ओरडत मांडवात शिरली, "नवरदेवाचा काका झाडाले लटकला!"

मांडवातली गाणी बंद पडली. वाईट काही नाही, झोळी आहे, हे कळलं तेव्हा बायकांच्या जिवात जीव आला. पण मग दुसरी भीती शिरली. मला बाप नाही, म्हणजे काकाच वरबाप. वरबाप जानोसा सोडून थंडीत झाडाखाली जाऊन पडला, याचा अर्थ लग्नघरात एकच होतो. वरबाप रुसला. आता समजूत काढावी लागणार, नाहीतर वऱ्हाड माघारी जाणार.

पुंजाजी कंदील घेऊन धावले.

"इवाई, काई चुकलं का आमचं?"

"नाई बाप्पा. काईच नाई चुकलं."

"मंग असे रुसून काहून आले इकडे?"

"रुसलो नाई. झोपून राह्यलो."

रुसलेला व्याही कधी "मी रुसलो" म्हणतो का? सगळे असंच म्हणतात. पुंजाजी घरी गेले आणि नवं पागोटं घेऊन आले. काकांनी हात जोडून नको म्हटलं. मग ते घोंगडी घेऊन आले. काकांनी ती चाचपून पाहिली, वाखाणली आणि म्हणाले, "घोंगडी चांगली हाय इवाई. पण थंडी खालून येते." पुंजाजींनी यातून एवढंच घेतलं की घोंगडीवर भागत नाही.

इकडे जानोशात मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. मुलीकडचे लोक माझ्याकडे असे पाहत होते, जणू मीच काकांना झाडावर चढवलं. हळदीच्या अंगाने नवरदेवाने बाहेर पडायचं नसतं. पण मी कांबळं पांघरलं, हातात नवरदेवाची कट्यार घेतली आणि मागच्या दाराने आमराईत गेलो. काकांना दोन शब्द सुनावायचेच, असं ठरवलं होतं. तिथे पोचलो आणि एका आंब्याच्या बुंध्यामागेच थांबलो.

पुंजाजी झोळीपुढे उभे होते आणि त्यांच्या हातात गोऱ्ह्याचा कासरा होता.

"याच्यापरीस माह्यापाशी काई नाई, इवाई. औंदा मोटेले जुंपणार होतो याले. घ्या. पण माह्या पोरीचं लगन मोडू नका."

असं म्हणून त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. ते काकांच्या पायावर ठेवायचं होतं, पण काकांचे पाय वर झोळीत. पुंजाजी पागोटं हातात घेऊन पाय शोधत राहिले. तेवढ्यात गोऱ्ह्याने खालच्या झोळीत तोंड घातलं आणि कुटार ओढून खायला सुरुवात केली. त्याने एक हिसडा दिला, काका हेलकावले, कुटार भसाभसा खाली पडलं. दुसऱ्या कोणाच्या लग्नात मी पोट धरून हसलो असतो.

काका खाली उतरले. त्यांनी पागोटं घेतलं आणि आपल्या हाताने पुंजाजींच्या डोक्यावर बसवलं.

"मले पाप लागन, पुंजाजी. आयका. मी झोपेत बोलतो."

"बोलतात लोक."

"घरवालीले हाक मारतो. नाव घेऊन. जोरानं." काका खाली बघत होते. "ती जाऊन लय सालं झाली, पण तोंड मानत नाई. उद्या शुभकार्य हाय. अन् रातच्याले माणसाईच्या मधात मी मेलेल्या बाईले हाक मारू? पोट्ट्याच्या लग्नात?"

पुंजाजींनी गोऱ्ह्याचा कासरा आखडला. मग म्हणाले, "घरी बी बाहेरच झोपता म्हणते."

"हे पोट्टं लहान होतं ना. मी हाक मारली का हे उठे. दार उघडे, अन् काकू आली म्हणून उंबऱ्यात जाऊन बसे. कुडकुडत बसे, पण उठायले तयार नाई. म्हणे, तुमी बलावलं ना तिले? मंग येईनच." काकांनी नाक पुसलं. "किती डाव समजावू? मंग मीच बाहेर निघालो. पोट्ट्याले नका सांगू."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. बुंध्यामागे कट्यार घेऊन उभा होतो, पुढे होऊन पाय धरावेत एवढंही सुचलं नाही. अशी लाज मला शाळेत कधी वाटली नव्हती.

पुंजाजींनी गोऱ्हा झाडाला बांधला. घोंगडी झोळीच्या खाली जमिनीवर अंथरली.

"हाक मारता, अन् ओ कोणीच देत नाई?"

"कोण देईन?"

"हे काई बरं नाई. हाकेले ओ पाह्यजे." आणि ते सरळ घोंगडीवर आडवे झाले. "तसं बी कुटार तर यानं खाल्लं. खालून मी हाय."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. गोऱ्हा पुंजाजींच्याच गोठ्यात राहिला. पण वरबाप रुसला आणि घोंगडीवर मानला, ही गोष्ट सगळीकडे झाली. रिसोडच्या बाजारात अजून कोणी ना कोणी काकांना छेडतं, "काय उकंडराव, या साली काय घेता?" काका हसतात आणि म्हणतात, "हाओ बाप्पा, आपून लालची माणूस." खरं काय ते त्यांनी आणखी कुणालाच सांगितलं नाही.

बायकोला वडिलांकडून सगळं कळलेलं होतं. लग्नानंतर काही वर्षांनी, आमचा मुलगा चालायला लागला तेव्हा, मी काकांना म्हटलं की आता घरात झोपा, मी काही लहान नाही. ते म्हणाले, "तू नाई रे. आता तुहं पोट्टं दार उघडन." आणि मला कसं कळलं हे न विचारताच झोळीकडे निघून गेले. मी घरात येऊन बसलो. बायको भाकरी झाकता झाकता म्हणाली, "माह्या बापानं एक रात काढली तिथं. तुमाले काय होते?"

"लोक हासतील," मी म्हणालो.

"हासू द्या."

तेव्हापासून थंडीत मी झोळीखाली बाज टाकून झोपतो. शाळेतली पोरं जाता-येता ओरडतात, दोन वटवाघळं म्हणून. लाज वाटते, खोटं कशाला सांगू. काकांना सांगितलंय की जागलीला येतो. राखायला पीक नसतं तेव्हाही ते यावर काही बोलत नाहीत.

पहाटेच्या सुमारास हाक येते. "तुळसे! अवं तुळसे!" काकूचं नाव तुळसा होतं, हे मला तिथेच कळलं. पहिल्या काही दिवसांत माझ्या तोंडून आवाजच फुटत नसे. आता जमतं. मी हळूच म्हणतो, "ओ." झोळी करकरते, काका कूस बदलून गाढ झोपतात आणि थोडं कुटार माझ्या तोंडावर सांडतं.