राघवेंद्र सरांचं होमपेज

"मामा, मी तुमच्या क्लासात येऊन बसलोय. तुम्ही कुठाय?"

रेणापूरहून आलेल्या सख्ख्या भाच्याचा, शिवमचा, हा फोन आला तेव्हा राघवेंद्र सर आपल्या क्लासातच उभे होते. शंभर पोरांच्या हॉलमध्ये एकोणीस पोरं होती, आणि त्यांत शिवम नव्हता.

"बाहेर जाऊन पाटी वाच बरं," सर म्हणाले.

"बसवंत सर फिजिक्स... अय्यो मामा! ॲडमिशन पण झालं की! मोबाईलवर तुमचंच नाव टाकलं होतं, हाच नंबर आला. ते म्हणले, या."

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरा कुणी असता तर सोसलं असतं, पण बसवंत! भूकंपानंतर किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं एकाच फळ्यावर शिकवायचे. मधोमध खडूची रेघ, अलीकडे राघवेंद्रची नववी, पलीकडे बसवंतची दहावी. बसवंतचं अक्षर तेव्हाही रेघ ओलांडून यायचं, असं सरांचं बावीस वर्षांनंतरही म्हणणं होतं. पुढं दोघं लातुरात आले, औसा रोडवर समोरासमोर क्लास थाटले, आणि बसवंतचा हॉल भरत गेला. यंदा आपला भरला नाही तर गाशा गुंडाळायचा, हे सरांनी बायकोला, सौदामिनीला, सांगून टाकलं होतं.

सरांनी स्वतःच्या फोनवर स्वतःचं नाव टाकलं. आला बसवंत. पुढं 'औसा रोड' जोडलं. पुन्हा बसवंत, हसऱ्या फोटोसकट.

"दिवसातून पन्नास वेळा त्यांचंच पान बघायलात," सौदामिनी म्हणाली. "फोनला वाटलं असंल, तुम्हाला तेच आवडतात." पण तिच्या फोनवरही तेच आलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात फर्मान काढलं. प्रत्येकानं फोनवर राघवेंद्र सर असं दहादा शोधायचं. इतक्या जणांनी विचारल्यावर गुगलला लाज वाटून ते आपलं नाव वर घेईल, असा त्यांचा हिशेब होता. पोरं आज्ञाधारक. त्यांनी दहादा शोधलं, दहादा बसवंत सरांचं पान वाचलं, आणि तिथं दर रविवारी मोफत टेस्ट असते हे त्यांना कळलं. तिसऱ्या दिवशी वर्गात चौदा पोरं उरली.

सर तडक शिल्पाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तीन महिन्यांपूर्वी त्यांची वेबसाईट तिनंच बनवली होती.

"बसवंतनं फितवलं तुला! खरं सांग!"

"अवो सर, बसा तर खरं. बघू द्या." शिल्पानं होमपेजचा आतला मजकूर उघडला, वरून खाली सरकवला, आणि एकदम तोंडाला ओढणी लावली.

"हसतीस कामून?"

"सर, तुम्ही पान कसं बनव म्हणले होते?"

"चांगलं बनव म्हणलो होतो."

"न्हाई. बसवंत सरांसारखं डिट्टो कर म्हणले होते. एक शब्द सोडू नको म्हणले. मी त्यांचंच पान उचललं, नाव न् फोटो बदलला. पण त्यांच्या पानाच्या पोटात एक ओळ हाय. ती लोकाला दिसत न्हाई, गुगलला दिसते. ती बी तशीच आली. चूक माझी बी हाय."

"काय हाय त्या ओळीत?"

"या पानाचं अस्सल पान बसवंत सरांच्या पत्त्यावर बघा, असं हाय. म्हणून तुमचं नाव टाकलं की गुगल त्यांच्याकडं धाडतंय."

शेजाऱ्याच्या पेपरवरून उत्तरांबरोबर रोल नंबरसुद्धा उतरवणाऱ्या पोराचा किस्सा सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत आणि वर 'नकलेलाही अक्कल लागते' असं बजावत. त्या दिवसापासून तो किस्सा त्यांनी कायमचा बंद केला.

"तिथं आता तुमचा पत्ता घालते," शिल्पा म्हणाली, "पण मजकूर तोच ठेवला तर गुगल पुन्हा त्यांचंच पान धरंल. सोत्ताचं कायतरी लिहून आणा."

स्वतःचं! सर घरी वही घेऊन बसले. 'लातूरमधील अग्रगण्य' लिहिलं आणि खोडलं, ते बसवंतचं होतं. 'उज्ज्वल भविष्याची हमी' खोडलं, तेही बसवंतचंच.

"तुम्ही मास्तर कसे झालात ते लिहा की," सौदामिनी म्हणाली. "ते तर कुणाचं उचललेलं नाही ना?"

मग सरांनी लिहिलं: 'किल्लारीत पत्र्याच्या शेडमध्ये, अर्ध्या फळ्यावर मी पहिला तास घेतला. पोरांना गप्प बसा म्हणावं लागत नव्हतं. ती बोलतच नव्हती. महिन्यानं एका पोरानं हात वर करून शंका विचारली. त्या दिवशी मी मास्तर झालो.' फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर कोण होतं, ते त्यांनी मुद्दामच लिहिलं नाही.

तीन आठवड्यांत सरांचं पान वर आलं. पार देगलूरहून फोन यायला लागले, हॉलमध्ये ब्याऐंशी पोरं झाली, शिवमही डोकं खाजवत परत आला. सगळं झ्याक झालं. पण जित्याची खोड! सरांनी सवयीनं बसवंतचं पान उघडलं आणि ते ओरडले, "चोर! दिवसाढवळ्या चोर!"

तिथं नवा मजकूर होता: 'किल्लारीत पत्र्याच्या शेडमध्ये, अर्ध्या फळ्यावर मी पहिला तास घेतला...' काना-मात्रेचाही फरक नव्हता.

सौदामिनीनं वाचलं. "यात खोटं काय आहे हो? दुसरा अर्धा फळा त्यांचाच होता की."

"आणि शंका विचारणारा पोरगा?"

"तो कुठल्या वर्गातला होता?"

"दहावीतला," सर पुटपुटले. "पण शंका त्यानं मला विचारली होती!"

मग अचानक काहीतरी आठवून त्यांनी शिल्पाला फोन लावला. "ती पोटातली ओळ, माझ्या पत्त्याची... ती बी उचलली का गं त्यानं?"

शिल्पानं बघून सांगितलं, "हाव सर. जशीच्या तशी."

सरांनी फोन खिशात ठेवला, खिडकीशी गेले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच रस्त्यापलीकडच्या पाटीकडे मायेनं बघितलं.

"राहू दे," ते सौदामिनीला म्हणाले. "शेडमधलाच माणूस हाय."